चुका द्या

आमचं हार्डवेअरचं दुकान कराडला होतं, भाजी मंडईपासून चार पावलांवर. मंडई इतकी जवळ होती म्हणूनच बहुधा ती गोष्ट घडली. मी तेव्हा नववीत होते. शाळेतून आल्यावर तासभर गल्ल्यावर बसायचा माझा नेम होता. एका संध्याकाळी सात-आठ वर्षांचा एक मुलगा पायरी चढून आला. मुठीत चुरगळलेली दहाची नोट. म्हणाला, "चुका द्या."

आप्पांनी विचारलं, "मोठ्या का बारीक?"

मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "बारीक."

आप्पांनी मागचा ड्रॉवर ओढला, तागडीत दहा रुपयांच्या चुका टाकल्या आणि वर्तमानपत्राच्या कागदात पुडी बांधून त्याच्या हातात दिली. पोरगं गेलं. दहा मिनिटांत परत आलं, पुडी तशीच. "आई म्हणती, ह्याची पातळ भाजी कशी करू?"

ज्यांना हार्डवेअरच्या दुकानाची सवय नाही त्यांच्यासाठी सांगते. चूक म्हणजे बारीक खिळा, खोक्याला, चपलेच्या तळाला मारतात तो. चार चुका, पावशेर चुका. मंडईत मिळतो तो आंबट चुका. आणि तिसऱ्या चुका आपण सगळेच करतो. नुसतं "चुका द्या" एवढंच म्हटलं तर व्याकरणाला काही सांगता येत नाही, की माणसाला खिळे हवेत की पालेभाजी.

मी हसून हसून गल्ल्यावर डोकं टेकलं होतं. आप्पा हसले नाहीत. त्यांनी चुका परत ड्रॉवरमध्ये ओतल्या, दहाची नोट परत दिली, मला "बघ जरा" म्हणाले आणि त्या पोराचा हात धरून मंडईत गेले. परत आल्यावरही मी हसतच होते. तेव्हा म्हणाले, "त्याचं काय चुकलं? त्यानं चुकाच मागितला. मी चुकाच दिल्या."

रॉनी बार्कर नावाच्या इंग्लंडमधल्या विनोदी नटाबद्दल लिहायला बसले आणि पहिल्यांदा हेच आठवलं. का आठवलं ते सांगते.

२०११ साली कंपनीच्या कामासाठी मी सहा महिने इंग्लंडमध्ये, रेडिंगला होते. एका दुपारी जेवताना कुणीतरी विचारलं, तुझे वडील काय करतात? मी म्हटलं, हार्डवेअर. आम्ही सगळे सॉफ्टवेअरवाले, त्यामुळे त्यांना वाटलं कॉम्प्युटरचं. मग मी हातवारे करून बिजागऱ्या, कडी-कोयंडे, नळाच्या तोट्या, खिळे असं सगळं समजावलं. टेबलाच्या टोकाला एक वयस्कर सहकारी बसायचे, फारसं न बोलणारे. त्यांचा चेहरा एकदम उजळला आणि ते दोनच शब्द बोलले: "फोर कॅन्डल्स." सगळं टेबल हसायला लागलं. मला काहीच कळेना. त्या संध्याकाळी खोलीवर जाऊन मी ते शोधून पाहिलं, आणि रात्री दोनपर्यंत बार्करला बघत बसले.

ते एक छोटं प्रहसन आहे. बीबीसीच्या 'द टू रॉनीज' या कार्यक्रमात ते ४ सप्टेंबर १९७६ ला दाखवलं गेलं. जुनाट हार्डवेअरचं दुकान. काउंटरमागे तपकिरी डगल्यातला रॉनी कॉर्बेट, पाच फूट एक इंच उंचीचा. समोर गिऱ्हाईक म्हणून रॉनी बार्कर. गिऱ्हाईक मागतं, "फोर कॅन्डल्स." दुकानदार चार मेणबत्त्या काढून काउंटरवर ठेवतो. गिऱ्हाईक शांतपणे सांगतं, नाही, "फोर्क हँडल्स." म्हणजे बागकामाच्या दाताळ्याला बसवायच्या मुठी. इंग्लंडमधल्या कष्टकरी माणसांच्या बोलीत शब्दाच्या सुरुवातीचा 'ह' गिळतात. तो गिळला की 'फोर्क' आणि 'अँडल्स' एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्या चार मेणबत्त्या होतात.

मग प्लग. कसला? रबरी, न्हाणीघरातला. दुकानदार टबाचं भोक बुजवायचे प्लग काढतो आणि माप विचारतो. गिऱ्हाईक म्हणतं, तेरा अँपिअर. मग 'ओज'. दुकानदार कुदळीसारखं हत्यार आणतो, कारण त्या हत्याराच्या 'हो' या इंग्रजी नावातला 'ह' गिळला की 'ओ' उरतो. ते नको. मग पाण्याची नळी, 'होज'. तीही नको. गिऱ्हाइकाला घराच्या फाटकावर नाव लिहायला 'ओ' ही अक्षरं हवी आहेत. दुकानदार शिडी चढतो, वरचं खोकं काढतो, अक्षरं देतो, उतरतो. लगेच पुढची मागणी: 'पीज'. तो पुन्हा शिडी चढतो आणि 'पी' अक्षर काढतो. गिऱ्हाइकाला डब्यातले वाटाणे हवे असतात.

सांगताना यातलं निम्मं गळून जातं, मला माहीत आहे. कोटी समजावली की ती मेली, असं आपण म्हणतोच. पण मी हे प्रहसन वीस-पंचवीस वेळा पाहिलं आहे, आणि कोटी पाठ झाल्यावरही ते जिवंत राहतं. त्याचं कारण मला सापडलं नव्हतं. ते आप्पांना सापडलं, पण ते पुढे सांगते.

बार्कर सांगायचा की याचं बीज त्याला पत्राने मिळालं. मिडलसेक्समधल्या हेज गावी हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्यांनी आपल्या काउंटरवर खरोखर घडलेली गोष्ट त्याला लिहून पाठवली होती. म्हणजे तिथेही कुणीतरी मेणबत्त्या काढल्या होत्या आणि परत ठेवल्या होत्या. आमच्या चुकांसारख्याच.

रोनाल्ड विल्यम जॉर्ज बार्कर २५ सप्टेंबर १९२९ ला बेडफर्डला जन्मला आणि ऑक्सफर्डमध्ये वाढला. ऑक्सफर्ड म्हटलं की आपल्याला विद्यापीठ दिसतं. त्याचं घर त्या ऑक्सफर्डातलं नव्हतं. वडील तेलकंपनीत कारकून. तो स्वतः काही काळ वास्तुशास्त्र शिकला, ते जमलं नाही, मग बँकेत चिकटला. तिथून नाटकात. १९४८ मध्ये एल्सबरी नावाच्या गावातल्या नाटक कंपनीत त्याला पहिलं व्यावसायिक काम मिळालं. या कंपन्यांची पद्धत अशी, की एका आठवड्याचं नाटक रात्री करायचं आणि पुढच्या आठवड्याच्या नाटकाची तालीम दिवसा. आज म्हातारा, परवा पोलीस, त्याच्या पुढे सरदार. आपल्याकडे जुन्या फिरत्या मंडळींतले नट असेच तयार झाले. हाताला मिळेल ते काम, आणि ते काम तोंडपाठ होईपर्यंत दुसरं काम दारात उभं.

मध्ये काम नव्हतं तेव्हा त्याने एका इस्पितळात पोर्टर म्हणून नोकरी केली. तिथे पोलिओचे रुग्ण होते. तिथल्या एका पुरुष परिचारकाला जोडीला घेऊन तो त्यांना हसवायचा. त्याच्या चरित्रात हे दोन ओळींत उरकतात. मला त्या दोन ओळींपाशी थांबावंसं वाटतं. हलता न येणाऱ्या माणसाच्या खाटेपाशी उभं राहून हसवताना नटाला कुठे लपता येत असेल? तिथे नाटकाचा पडदाही नसतो.

कारण बार्करला लपणं फार हवं असायचं. पुढे साऱ्या देशाला त्याचा चेहरा पाठ झाला तरी स्वतः म्हणून प्रेक्षकांसमोर उभं राहणं त्याला जमलं नाही. मिशी लावा, चष्मा बदला, बोली द्या, की माणूस मोकळा. 'रॉनी बार्कर' म्हणून चार शब्द बोला म्हटलं की अवघडला. 'द टू रॉनीज'ची मांडणीसुद्धा त्यातूनच झाली. सुरुवातीला आणि शेवटी दोघं बातम्या देणाऱ्यांसारखे टेबलामागे बसायचे आणि खोट्या बातम्या वाचायचे. मध्ये खुर्चीत बसून स्वतःच्या तोंडाने गोष्ट सांगायचं काम एकट्या कॉर्बेटचं. बार्कर त्या वेळेत पुढचा वेष चढवत असेल.

कॉर्बेट एडिंबरोच्या एका बेकरीवाल्याचा मुलगा. दोघांची जोडी जमली ती १९६६ मध्ये, डेव्हिड फ्रॉस्टच्या 'द फ्रॉस्ट रिपोर्ट' या टीव्ही कार्यक्रमात. त्या कार्यक्रमात केंब्रिजहून आलेली हुशार तरुण मंडळी भरलेली होती, आणि हे दोघे विद्यापीठाची पायरी न चढलेले. त्यातलं एक प्रहसन इंग्रजी समाजावरचं भाष्य म्हणून आजही दाखवतात. तीन माणसं रांगेत उभी. सगळ्यात उंच जॉन क्लीझ उच्चवर्गीय, मधला बार्कर मध्यमवर्गीय, बुटका कॉर्बेट कामगार. मधला बार्कर एकदा वर बघतो, एकदा खाली. त्या दोन नजरांमध्ये जो फरक आहे तो मी शब्दांत आणू शकत नाही. आमच्या पेठेत तो फरक रोज दिसायचा.

१९७० मध्ये लंडनच्या पॅलेडियम थिएटरात एका पुरस्कार सोहळ्यात यंत्रं बंद पडली आणि या दोघांनी ती रिकामी मिनिटं सांभाळून नेली. समोर बीबीसीचे बडे अधिकारी बसले होते. पुढच्या वर्षी, १९७१ मध्ये, 'द टू रॉनीज' सुरू झालं आणि १९८७ पर्यंत चाललं. त्याच्या भरात दीड कोटीहून जास्त माणसं शनिवारी रात्री घरात बसून ते बघायची.

आता जेराल्ड वायलीबद्दल. १९६० च्या दशकाच्या शेवटी फ्रॉस्टच्याच एका कार्यक्रमाकडे जेराल्ड वायली नावाच्या अज्ञात लेखकाची प्रहसनं येऊ लागली. उत्तम असायची. हा कोण, अशी चर्चा सुरू झाली. कुणी नाटककार टॉम स्टॉपार्डचं नाव घेई, कुणी आणखी कुणाचं. कॉर्बेटला त्यातलं एक प्रहसन इतकं आवडलं की ते विकत घ्यायची त्याची इच्छा होती. वायलीने एजंटामार्फत तीन हजार पौंड मागितले. बार्करने कॉर्बेटला सांगितलं, फार आहेत, देऊ नकोस. मग वायलीने ते प्रहसन कॉर्बेटला फुकट देऊन टाकलं. कॉर्बेटने आभार म्हणून काचेचे उंची पेले पाठवले. शेवटी एकदा वायलीने सगळ्यांना चिनी हॉटेलात जेवायला बोलावलं. सगळे दाराकडे डोळे लावून बसले. बार्कर उठला आणि म्हणाला, मीच तो. कुणाचा विश्वास बसेना.

त्याने हे का केलं, तर आपलं लिखाण नाव बघून घेतलं जाऊ नये म्हणून. माल चांगला असेल तर घ्या, नसेल तर परत पाठवा. मला यात दुकानदाराचा मुलगा दिसतो, वडील कारकून असले तरी. 'फोर कॅन्डल्स'ही वायलीच्याच नावाने लिहिलेलं. त्याच्या हाताने लिहिलेली ती संहिता २००७ मध्ये लिलावात ४८,५०० पौंडांना गेली.

पण नट म्हणून तो मला सगळ्यात मोठा वाटतो तो 'पॉरिज'मध्ये. १९७३ मध्ये बीबीसीने त्याच्यासाठी सात वेगवेगळ्या नमुन्याच्या गोष्टी केल्या. त्यातल्या दोन पुढे मालिका झाल्या, 'पॉरिज' आणि 'ओपन ऑल अवर्स'. 'पॉरिज' १९७४ ते १९७७ चालली. लेखक डिक क्लेमेंट आणि इयन ला फ्रेने. तुरुंगातली विनोदी मालिका! खऱ्या तुरुंगात चित्रण करायला परवानगी मिळाली नाही, म्हणून ईलिंगच्या जुन्या फिल्म स्टुडिओतल्या पाण्याच्या टाकीत कोठड्यांचे मजले उभारले. लेखकांना वाट दाखवली ती एका माजी कैद्याने. तो म्हणाला होता, आत असताना रोज एखादा छोटा विजय मिळवायचा असतो. बार्करचा नॉर्मन स्टॅन्ली फ्लेचर त्या विजयांवर जगतो. अननसाच्या फोडींचा एक डबा चोरीला जातो, आणि तेवढ्यावर अख्खा भाग उभा राहतो.

पहिल्या वर्षातला एक भाग आहे. त्यात कोठडीत रात्र होते आणि दोनच माणसं बोलत राहतात. फ्लेचर, अनेकदा आत येऊन गेलेला, आणि गॉडबर, पहिल्यांदाच आलेला पोरगा. रिचर्ड बेकिन्सेल हा देखणा, हळवा नट गॉडबर करायचा. पोराला बंद दाराची सवय होत नाही. फ्लेचर दिवसभर त्याच्यावर गुरगुरतो. रात्री दिवे गेल्यावर मात्र सांगतो, असं समज, की आज बाहेर जायचा कंटाळा आलाय, म्हणून घरीच थांबलोय. एवढंच. बार्कर हे मायेने म्हणत नाही. थोडं चिडून, झोपमोड झाल्यासारखं म्हणतो, आणि म्हणून ते पोराला पोचतं. माझ्या हॉस्टेलच्या पहिल्या रात्री आप्पांचा फोन आला होता तेव्हा ते असंच, पंखा नीट चालतो का एवढंच विचारून थांबले होते.

बेकिन्सेल १९७९ मध्ये हृदयविकाराने गेला. वय ३१. बार्करला ते फार लागलं.

'ओपन ऑल अवर्स'मधला आर्कराइट हा किराणा दुकानदार. तोतरा, कवडीचुंबक, आणि डेव्हिड जेसनने केलेल्या आपल्या भाच्याला राबवून घेणारा. रस्त्यावरचं चित्रण डॉन्कास्टरच्या बाल्बी भागात झालं. तिथल्या एका केशकर्तनालयाला दुकानाचं रूप दिलं होतं. दुकानातला गल्ला फटकन बंद होऊन बोटं धरतो. हे सगळं गमतीचं आहे, पण मी ती मालिका पाहते ती शेवटच्या मिनिटासाठी. रात्र झालेली असते. आर्कराइट फुटपाथवर मांडलेला माल एकेक करून आत नेत असतो आणि मनाशी दिवसाचा हिशेब करत असतो. आप्पाही नऊ वाजता असाच माल आत घ्यायचे. आधी बादल्या एकात एक, मग खराटे, मग पाइपची भेंडोळी, सगळ्यात शेवटी घमेली. मी कितीदा म्हटलं, मी घेते. घेऊ द्यायचे नाहीत. तो वेळ त्यांचा एकट्याचा होता, हे मला आर्कराइटने समजावलं.

मी कराडला परतले तेव्हा एका रविवारी आप्पांना लॅपटॉपवर 'फोर कॅन्डल्स' दाखवलं. आप्पांचं इंग्रजी बिलबुकापुरतं. मी आधी कोट्या समजावायला गेले. त्यांनी हाताने थांबवलं. ते मागच्या भिंतीवरचे ड्रॉवर बघत होते. मेणबत्त्या काउंटरवर आल्या आणि परत गेल्या, तेव्हा हुंकार दिला. कॉर्बेट शिडीवरून उतरला आणि पुन्हा वर चढायची वेळ आली, तेव्हा कळवळून म्हणाले, "वर होता तवाच सांगायचं ना रं!" गंमत म्हणजे कॉर्बेटही तिथे इंग्रजीत जवळजवळ हेच बोलतो.

मग मी विचारलं, "आणि हा दुसरा? गिऱ्हाईक?"

आप्पा थोडा वेळ बघत राहिले. "हा हसवायला आलेला न्हाई," म्हणाले. "हा खरंच घ्यायला आलाय."

माझ्या पंचवीस वेळांत मला जे दिसलं नाही ते हे. बार्करच्या चेहऱ्यावर खट्याळपणाचा लवलेश नाही. त्याला घरी जाऊन दाताळ्याला मूठ बसवायची आहे, फाटकावर नाव लावायचं आहे. चुकीचा माल पुढे आला की तो ना चिडतो, ना प्रेक्षकांकडे बघतो. दुसऱ्याचा गैरसमज दूर करावा इतक्याच सभ्यतेने पुन्हा मागतो. काउंटरच्या दोन्ही बाजूंना दोन प्रामाणिक माणसं आहेत आणि मधली भाषा त्यांना फसवते आहे.

१९८७ संपता संपता, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्याने काम थांबवलं. ना भांडण, ना पडता काळ. कॉर्बेटला आधीच सांगून ठेवलं होतं, आणि कॉर्बेटने ते कुणाला कळू दिलं नाही. सांगण्यासारखं होतं ते सांगून झालं, आता पुढचा माल उतरत्या प्रतीचा असेल, असं त्याला वाटत होतं. तब्येतीची काळजीही होती. मग त्याने काय करावं? ऑक्सफर्डशायरमधल्या चिपिंग नॉर्टन गावात पत्नी जॉयबरोबर जुन्या वस्तूंचं दुकान काढलं. उभा जन्म दुकानदार आणि गिऱ्हाइकं रंगवून तो खराखुरा काउंटरमागे जाऊन बसला. त्याला जुन्या पोस्टकार्डांचा नाद होता, हजारोंनी जमवली होती. ते दुकान फायद्यात चाललं नाही म्हणतात. तरी दहाएक वर्षं त्याने ते चालवलं.

२००२ मध्ये तो एका टीव्ही-चित्रपटात परत आला. भूमिका चर्चिलच्या घरच्या नोकराची, पुन्हा कुणाच्या तरी दिमतीला. २००५ मध्ये दोघे रॉनी जुनी प्रहसनं घेऊन टेबलामागे बसले. त्या वर्षीचा नाताळचा भाग जुलैतच चित्रित करून ठेवला, कारण डिसेंबरची खात्री नव्हती. ३ ऑक्टोबर २००५ ला तो गेला. नाताळला लोकांनी त्याला पाहिलं तेव्हा तो नव्हता.

पुढच्या मार्चमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याच्यासाठी प्रार्थनासभा झाली. तिथे क्रूसाबरोबर मिरवणुकीत दोन मेणबत्त्या नेण्याची रीत आहे. त्या दिवशी चार नेल्या. कॉर्बेट २०१६ मध्ये गेला, त्याच्या अंत्यविधीलाही चार होत्या.

हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा आम्ही दुकान आवरत होतो. गुडघे शिडीला साथ देईनात, म्हणून २०१९ च्या दिवाळीनंतर त्यांनी बंद करायचं ठरवलं होतं. उरलेला माल पलीकडच्या पेठेतल्या दुकानदाराने घेतला. भिंतीवरचे ड्रॉवर कुणालाच नको होते. प्रत्येकावर आप्पांच्या हाताने पांढऱ्या रंगात लिहिलेलं. मी 'चुका बारीक' लिहिलेला एक ड्रॉवर काढून गाडीत ठेवायला निघाले.

"रिकामा नेऊ नये," आप्पा म्हणाले. तागडी अजून काउंटरवर होती. त्यांनी एका पारड्यात वजन ठेवलं, दुसऱ्यात चुका टाकल्या. जरा जास्त झाल्या, म्हणून चार परत काढल्या. काटा मध्यावर आला तेव्हा पुडी बांधली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली.